उपोल आपांची न हरवलेली गाय

जांगाकती गावाच्या वरच्या टोकाला रस्ता संपतो आणि अक्रोडाचं रान सुरू होतं. तिथे एक पाटी आहे. परदेशातून आलेल्या कुठल्याशा संस्थेने ती दोन उन्हाळे खपून उभी केली. पाटीवर चोलोक ओढ्याचं चित्र आहे. ओढ्याच्या एका अंगाने वर चढून दुसऱ्या अंगाने उतरत पुन्हा पाटीपाशीच येणारी एक पिवळी रेघ आहे. खाली लिहिलं आहे : वर्तुळाकार पायवाट. चढ मध्यम. वेळ चार तास.

गावाने ती पाटी नीट वाचली, एकमेकांना वाचून दाखवली, आणि कोणालाही काही बोध झाला नाही. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, तर निघायचं कशाला? माणूस रानात जातो तो लाकडाला, मेंढरांमागे, अक्रोडाला, फार तर बायकोशी वाजलं म्हणून. चार तास चालून रिकाम्या हाताने पाटीपाशी यायचं, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. मग कोणीतरी पाटीच्या खांबाला घोडा बांधून पाहिला. खांब मजबूत निघाला. तेव्हापासून संस्थेबद्दल गावाचं मत चांगलं आहे.

वाट चुकू नये म्हणून संस्थेने खोडांवर पिवळे ठिपके काढले होते. रानातली अक्रोडाची झाडं घराघराला वाटून दिलेली आहेत. आपल्या झाडावर ठिपका, म्हणजे झाड तोडायला काढलं, असं समजून एकाने तो खरवडून टाकला आणि खबरदारी म्हणून तसाच एक चुलतभावाच्या झाडावर काढून ठेवला. चुलतभावाने तो पुढे सरकवला. आता ठिपक्यांच्या मागे जाणारा पाहुणा ओढा बाजूला ठेवून एका घराण्याची भाऊबंदकी तेवढी फिरून येतो.

अशा या पाटीवर उपोल आपांचं उरलेलं आयुष्य येऊन अडकलं.

उपोल आपांनी गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. दक्षिण अमेरिकेतले धबधबे त्यांना उंचीसकट पाठ होते. घरामागून वाहणाऱ्या चोलोकचा उगम मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. नवरा होता तोवर वेळ नव्हता, तो गेल्यावर गाय होती. त्या गायीच्याच धारा काढून येताना गेल्या हिवाळ्यात गोठ्यापुढच्या बर्फावर पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

राजधानीतून, बिश्केकहून, मुलगा धावत आला. मेदेर विमा कंपनीत होता. कशात किती धोका आहे हे ठरवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे बिनधोक अशी वस्तू त्याच्या पाहण्यात कधी आलीच नव्हती. जिल्ह्याच्या इस्पितळात तो आईच्या खाटेशी बसला आणि, सगळं गाव म्हणतं तसं तिला आपाच म्हणत, म्हणाला, "आपा, पुरे झालं. आता माझ्याकडे चला. चौथा मजला आहे, नळाला गरम पाणी आहे, सज्जा आहे."

"सज्ज्यातून काय दिसतं?"

"समोरचा सज्जा."

"लिफ्ट?"

"आहे."

"चालते?"

"आपा, विषय तो नाही."

"मग विषय काय आहे? मी बरी होईन आणि माझ्या घरी राहीन."

"बऱ्या व्हाल! गोठ्यापर्यंत जाऊन येता आलं तरी मिळवली." दोन रात्री जागून त्याचं डोकं उठलं होतं. "ती पाटीवरची फेरी आहे ना, ओढ्याची? घालून दाखवा. एकट्याने. मध्ये घोडा नाही, गाडी नाही, उजेडाचं निघायचं आणि उजेडाचं परत यायचं. अंगणात बर्फ पडायच्या आत घातलीत, तर मी जन्मात शब्द काढणार नाही. नाहीतर अक्रोड उतरले की मी गाडी घेऊन येतो. गाय विकायची, घराला कुलूप लावायचं आणि निघायचं."

आकाशातला चंद्र आणून दे म्हणावं तशा बेतानेच तो हे बोलला होता. उपोल आपांनी छताकडे बघून थोडा विचार केला.

"कबूल," त्या म्हणाल्या.

चौथ्या मजल्याची त्यांना भीती नव्हती. सून चांगली होती, नातवंडं गोड होती. पण जिथे दार उघडून बाहेर पडलं तर 'आपा, कुठे निघालात?' असं विचारणारं कोणी नाही, तिथे बाहेर तरी कशाला पडायचं, हे त्यांना कळत नव्हतं. हाच प्रश्न पुढे वर्षभर आपल्याला छळणार आहे, याची तेव्हा त्यांना कल्पना नव्हती.

बर्फ वितळलं तशा त्या काठी घेऊन उठल्या. आधी गोठा, मग फाटक, मग पाटी. चोलोकला वरच्या बर्फाचं पाणी आलं होतं आणि ओढा स्वतःच्या आकाराला न शोभेल इतका आवाज करत होता. रानसफरचंदं फुलली. अक्रोडांना तांबूस पालवी आली, सगळ्यांच्या मागून, जमीनदार लग्नाला येतात तशी. उपोल आपा पहिल्या साकवापर्यंत जायला लागल्या, मग साकवाच्या पलीकडे. खुबा कुरकुर करी, पण म्हाताऱ्या नोकरासारखा. कुरकुर करत का होईना, काम करी. एका सकाळी त्यांनी खिशात मनुका भरल्या आणि फेरीला निघाल्या.

चढाची सुरुवात होते तिथे जोरोबेक भेटला. जोरोबेक गावाची मेंढरं वरच्या कुरणात नेतो. घोड्यावरून उतरायचं म्हणजे त्याला परगावी गेल्यासारखं वाटतं.

"असलामालेकुम, आपा! काय हरवलं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तुम्ही रानात आहात."

"फिरायला आले."

जोरोबेकने यावर विचार केला. घोड्यानेही केला. "कोणाकडे?"

"कोणाकडे नाही रे. वर जायचं, फिरून खाली यायचं."

जोरोबेकच्या चेहऱ्यावर हळूहळू एक माया पसरली. म्हातारं माणूस सकाळच्या प्रहरी 'माझं लग्न कधी आहे?' असं विचारू लागलं की घरच्यांच्या चेहऱ्यावर पसरते तशी. उपोल आपांनी ती ओळखली. आता हा खाली जाईल, संध्याकाळपर्यंत गावात होईल की आपांचं डोकं सरकलं, आणि जेवणाच्या आत कोणीतरी भलं माणूस मेदेरला फोन लावील.

"गाय," त्या म्हणाल्या. "गाय हरवली."

जोरोबेकच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "मग असं सांगा ना! घाबरवलंत की मला!"

पुढच्या गोष्टी उपोल आपांच्या हातात राहिल्या नाहीत. जोरोबेकने बोटं तोंडात घालून शीळ घातली. या डोंगरावरून दोघे, त्या डोंगरावरून तिघे घोडेस्वार आले. म्हाताऱ्या मास्तरणीची गाय, दुखरा खुबा, आणि ती बिचारी एकटी रान तुडवतेय! गावाला इतकं चांगलं कारण कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. जोरोबेक स्वतः उतरला, त्याने आपांना घोड्यावर बसवलं आणि लगाम धरून घरी आणून सोडलं. घोड्यावरून घातलेली फेरी धरायची नव्हती. शिवाय ही फेरी नव्हतीच, नुसता उतार होता.

संध्याकाळी त्यांनी गाय आणली. तांबडी, कपाळावर चांदवा असलेली, गाभण.

"हीच ना, आपा?"

आतल्या गोठ्यात उपोल आपांची स्वतःची गाय हंबरली. आपा पटकन दारात आडव्या उभ्या राहिल्या. अंगणात घामाने निथळलेले घोडे होते, काट्यांनी फाटलेल्या बाह्या होत्या आणि पहिल्या बाकावरच्या पोरांसारखे आशेने बघणारे चेहरे होते. त्यातल्या तिघांना त्यांनी भूगोलात नापास केलेलं होतं. पुन्हा नापास करणं त्यांच्या जिवावर आलं.

"हीच," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी पलीकडच्या खोऱ्यातून गायीचा खरा मालक शिव्या देत आला. त्याला बसवून खाऊ घालावं लागलं, आपा बिचाऱ्या थकल्या आहेत, चूक होते, असं गावानेच त्याला समजावलं. गाय गेली. आणि मग गावाने शांतपणे हिशेब केला : सापडली ती आपांची नव्हती. म्हणजे आपांची अजून सापडलेली नाही.

त्या दिवसापासून उपोल आपा घराबाहेर पडल्या की प्रत्येक कुंपणावरून एकच प्रश्न येई. "मिळाली का, आपा?"

"बघतेय," आपा म्हणत. आणि गोठ्यातल्या गायीला रात्री सांगत, "तू जरा कमी बोलत जा."

उन्हाळ्यात त्यांनी डोकं चालवलं. वर्तुळच ते; सरळ गेलं काय आणि उलटं गेलं काय. उलट्या बाजूने जोरोबेक लागत नाही. मात्र त्या बाजूला कोचकोरबायचं घर लागतं.

कोचकोरबाय मधमाश्या पाळतो. तो आपांच्या बरोबरीचा, जगात मधमाशी सोडून कोणी काम करत नाही असं त्याचं मत, आणि ते सिद्ध करायला तो दिवसभर ओसरीवर बसून असे. त्याची बायको सोनुन त्याच्यापेक्षा बरीच लहान आणि बरीच जागी. आपा पेट्यांच्या आडून, मान खाली घालून निघाल्या होत्या.

"आपा! दारावरून अशाच?"

"घाईत आहे गं सोनुन. वर जाऊन यायचंय."

"गाय ना? सापडेल. आधी नानला तोंड लावा."

नानला तोंड लावल्याशिवाय कोणाच्या दारावरून पुढे जाता येत नाही. हा नियम इतका जुना आहे की तो मोडल्यावर काय होतं हे कोणालाच माहीत नाही. कोणी मोडलेला नाही. आपांनी हात पुढे केला. "दे एक तुकडा."

"उभ्याउभ्या? उभ्याने नान चोर खातात. मी काय वैरीण आहे तुमची?"

आपा बसल्या. बसलेल्या माणसापुढे कोरडा नान ठेवत नाहीत, म्हणून साय आली. साय आली म्हणून मध आला. मग चहा. इथे पाहुण्याला चहाची वाटी भरून देत नाहीत. तळाशी घोट-दोन घोट ओततात, म्हणजे वाटी पुन्हा पुन्हा मागता येते आणि यजमानणीला पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरलेली वाटी पुढे आली की समजायचं, आता निघा. सोनुनने त्या दिवशी एकही वाटी भरली नाही. मधेच आपांना परसातून कोंबडीचा आरडाओरडा ऐकू आला आणि मग अचानक थांबला. त्या मनात म्हणाल्या, संपलं. कोंबडी मेल्यावर कोणाला उठता येत नाही.

"चालून काय मिळतं, उपोल?" कोचकोरबायने विचारलं. "हा ओढा बघ. जन्मभर चालतोय. कुठे पोचला?"

"सिर दर्या नदीत," उपोल आपा म्हणाल्या. भूगोल होता, राहवलं नाही. "पुढे अराल समुद्र."

"तो तर आटला."

तेवढ्यात कोंबडी आली.

रात्री मेदेरचा फोन आला. "काय आपा, झाली का फेरी?" आवाजात विम्याचा हप्ता वेळेवर भरलेल्या माणसाचं समाधान होतं.

"थोडी राहिली."

"किती थोडी?"

"तू जेवलास का?"

शरद ऋतूत रान पिवळं झालं आणि आपांनी जवळपास आशा सोडली. कारण अक्रोड उतरायला अख्खं गाव रानातच मुक्कामाला जातं. शाळा बंद, दवाखाना बंद, पोलीसदेखील झाडावर. प्रत्येक झाडाखाली तंबू, प्रत्येक तंबूपुढे चूल, प्रत्येक चुलीवर कढई. पाटीपासून पहिल्या साकवापर्यंत उपोल आपांना त्यांचे चार वर्गांचे विद्यार्थी लागले. एका कढईपुढून सुटल्या की दुसरीत. "आपा, यांनी काय दिलं तुम्हाला? नुसता भात? इकडे या!" फांद्या झोडपल्या जात होत्या, अक्रोडांचा पाऊस पडत होता, आणि त्या पावसातून आपा डोक्यावर हात धरून एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत पळत होत्या. संध्याकाळी कोणीतरी त्यांना अक्रोडाच्या पोत्यांवर बसवून ट्रकने घरी पाठवलं. सोबत एक पोतं भेट.

त्या रात्री त्या चुलीपुढे बसून राहिल्या. हिरव्या सालींनी बोटं काळी झाली होती. तो डाग आता बर्फ पडेपर्यंत निघणार नव्हता. आणि त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. दिवसभरात काठी कुठेतरी विसरली होती. कोणत्या पंगतीत, तेही आठवत नव्हतं. पाय केव्हाच जिंकले होते. हरत होत्या त्या नानपुढे. ज्या माणसांना सोडून जायला नको म्हणून हा खटाटोप, तीच माणसं त्यांना गोडीने, सायीसकट, चौथ्या मजल्यावर ढकलत होती. आणि त्यांना रागावताही येत नव्हतं. नान चांगला होता.

अक्रोड उतरले. तंबू उठले. मेदेरने फोन करून शनिवार सांगितला. त्याच्या आदल्या दिवशी उपोल आपा तंदूरमधून नान काढत होत्या. गोष्टी बांधाबांधीवर आल्या तरी नान करावेच लागतात. फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि सोनुन उसनी नेलेली चाळण घेऊन पळत आत आली.

"आपा, ही घ्या, बाजाराची गाडी थांबलीय, नवरा आत बसून शिव्या देतोय."

आपांच्या हातात गरम नान होता. त्यांनी सवयीने तो पुढे केला. सोनुनने तुकडा मोडला, तोंडात टाकला, दोन्ही हात तोंडावरून फिरवले, जेवण संपलं म्हणून "ओमिन" म्हणाली, आणि गेली. एका क्षणात. गाडी सुटली, धूळ उडाली, संपलं.

उपोल आपा नान हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"उभ्याउभ्या!" त्या रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडल्या. "चोर!" आणि मग त्यांना इतकं हसू आलं की गाय हंबरायला लागली.

जन्मभर डोळ्यांसमोर होतं ते आत्ता दिसलं. नान ज्याच्या हातात, तो यजमान. दार कोणाचंही असो. तोंड लावणाऱ्याला जायची मुभा असते आणि नान धरणाऱ्याला तर कोणी थांबवूच शकत नाही; तोंडात घास असताना कोण आग्रह करील? वर्षभर त्या या रानात रिकाम्या हाताने शिरत होत्या.

त्यांनी पुन्हा पीठ मळलं.

मेदेर शनिवारी पहाटे पोचला तेव्हा वरच्या शिखरांवर रात्रीतून बर्फ पडलं होतं. अंगणात मात्र नुसतं दंव होतं. उपोल आपा जाड बूट घालून पायरीवर बसल्या होत्या. खांद्याला भलीमोठी पिशवी.

"वा, सामान तयार!" मेदेर खूश झाला. "एवढंच?"

"हे सामान नाही. नान आहेत. मी फेरीला निघाले."

"आपा, बर्फ पडलंय."

"अंगणात पडायच्या आत, असं बोलला होतास. हे अंगण आहे का?"

मेदेरने अंगणाकडे पाहिलं. विमा कंपनीतला माणूस. करारातल्या शब्दापुढे तो मऊ होतो. "मी बरोबर येतो."

"एकट्याने, असंही बोलला होतास." आणि त्या निघाल्या.

रान उघडं झालं होतं. वर्षभर पानांआड ऐकू येणारा ओढा आता सगळ्या वळणांसकट दिसत होता. काठच्या दगडांना बर्फाची झालर लागली होती. पायाखाली पिवळा पाला ओला होऊन गप्प पडला होता. ठिपके भाऊबंदकीकडे वळले. उपोल आपा वळल्या नाहीत. वरून घंटांचा आवाज आला. जोरोबेक शेवटची मेंढरं खाली आणत होता.

"असलामालेकुम, आपा! अजून गाय..."

"घे," आपांनी नान वर धरला. "तोंड लाव."

घोड्यावर बसून नान मोडत नाहीत. जोरोबेक उतरला, लगाम काखेत धरला, टोपी सारखी केली, तुकडा तोंडात घातला. तो चावून होईपर्यंत आपा वळणाआड गेल्या होत्या. त्याने भरल्या तोंडाने काहीतरी आवाज केला, पण तो मेंढरांनाही कळला नाही.

तिथून पुढे सगळं नवीन होतं. रानसफरचंदांचा चढ पाटीला मध्यम वाटत असेल. पाटीला खुबा नसतो. चिखल गोठून सुऱ्यांसारखा झाला होता. उपोल आपा झाडाला धरून थांबत, पुढचं झाड निवडत, तिथवर जात. एकदा त्या बसल्या आणि उठता येईना. खाली गावातून धूर येत होता, त्यातला आपल्या घराचा कोणता हे त्यांनी शोधलं. कोणताच नव्हता, चूल विझवून निघाल्या होत्या. तो न दिसणारा धूर त्यांना बघवला नाही. त्यांनी फांदी धरली, खुब्याला वर्गातल्या आवाजात "उठ!" म्हटलं, आणि तो उठला.

आणि मग चढ संपला. कुरणाच्या कडेला, बर्फाच्या पातळ थराखालून, चहा उकळायच्या समोवारएवढ्या एका दगडाच्या बुडातून पाणी येत होतं. ना फेस, ना गर्जना. मांजर दूध पितं तेवढा आवाज.

"हाच का तू?" उपोल आपा म्हणाल्या.

मुलांना त्यांनी ॲमेझॉनचा उगम फळ्यावर काढून दाखवला होता, न पाहता, रंगीत खडूने. हा मात्र हात लावता येण्याजोगा होता. त्यांनी काळी पडलेली बोटं पाण्यात बुडवली. दात वाजले. एक नान मोडून त्यांनी थोडा दगडावर ठेवला, थोडा स्वतः खाल्ला. उभ्याने. मग टोपीखालचे पांढरे केस वाऱ्यावर सोडून, खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "मध्यम!" समोरच्या कड्याने दोनदा दुजोरा दिला.

खाली पाटीपाशी मेदेर बसून होता. दुपार कलली तसा त्याचा धंदा त्याच्या डोक्यात चढला : घसरण, गोठण, लांडगा. वर्तुळच आहे, आपण उलट्या बाजूने वर जाऊ, वाटेत भेटतील, असा बरोबर हिशेब करून तो धावत निघाला. चूक एकच झाली. तो रिकाम्या हाताने निघाला.

उपोल आपा उतरून कोचकोरबायच्या अंगणाशी आल्या तेव्हा दारात शहरी बूट दिसले. उघड्या दारातून मेदेर दिसला. मांडी घालून बसलेला, पुढ्यात साय, मध, अर्धी कोंबडी आणि तळाशी घोटभर चहा असलेली वाटी. कपाळावर घाम.

"आपा!" सोनुन धावत बाहेर आली. "देवाने पाठवलं! चला आत, उभ्या नका..."

नान तिच्या नाकाखाली होता. सोनुनने नानकडे पाहिलं, आपांकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. बाई हुशार, सगळं समजली. पण समजून उपयोग नव्हता. तिने तुकडा मोडला.

"बस की गं खाली," उपोल आपा म्हणाल्या. "उभ्याने काय खातेस चोरासारखी?"

सोनुन भरल्या तोंडाने हसली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"आपा, थांबा!" आतून मेदेर ओरडला. "मी आलो, हा बघा निघालोच."

"बस रे पोरा," कोचकोरबायने त्याचा गुडघा दाबला. "दुसरी कोंबडी शिजतेय."

"अहो, पण माझी आई..."

"ती चालतेय. तू बस. चालून कोण कुठे पोचलंय?"

उपोल आपा पोचल्या. शेवटचा साकव ओलांडला तेव्हा ऊन पाटीच्या माथ्यावर होतं. पाटीच्या खांबाला जोरोबेकचा घोडा बांधलेला होता आणि जोरोबेक वाट बघत उभा होता. आपांनी पाटीवर हात टेकला, पिवळ्या रेघेवर बोट ठेवून ते पूर्ण फिरवलं आणि पुन्हा जागेवर आणलं.

"आपा," जोरोबेक म्हणाला. मघाचा प्रश्न त्याने दिवसभर तोंडात धरून ठेवला होता. "गाय मिळाली का?"

उपोल आपांना खोटं बोलायचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायला खूप वेळ लागला असता.

"मिळाली," त्या म्हणाल्या.

जोरोबेकने डोळे मिटून आभाळाकडे हात केले. वर्षभराचं ओझं उतरलं. तो घोड्यावर बसला आणि प्रत्येक कुंपणावरून ओरडत गावात गेला.

मेदेर अंधार पडता पडता आला, काखेत मधाची बरणी, चालण्यात गाभण गायीची लय. तो पाटीखाली बसला. कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

"कोंबडी कशी होती?" आपांनी विचारलं.

"दोन होत्या," तो म्हणाला.

सकाळी अंगणात बर्फ पडलं होतं, पाऊलभर, स्वच्छ. मेदेर गाडी झाडायला बाहेर आला तर फाटकाशी रांग. अख्खं गाव गाय मिळाल्याचं अभिनंदन करायला आलं होतं, प्रत्येकाच्या हातात नान. गोठ्यातली गाय हंबरली, तशी लोकांनी माना डोलावल्या. "बघा, हीच ती. आवाजावरून ओळखली." वर्षभर तोच आवाज रोज ऐकत आल्याचं कोणाला आठवलं नाही. कोणी तिच्या गळ्यात लाल चिंधी बांधली. पलीकडच्या खोऱ्यातला तांबड्या गायीचा मालकसुद्धा आला, या खेपेला शिव्या न देता.

मेदेरने समोवार पेटवला. दुपारपर्यंत तो ओतत होता, आणि शहरात राहून हात बिघडल्यामुळे पहिल्या चार जणांच्या वाट्या भरून दिल्या. ते दचकून उठायला लागले. "घोटभर, घोटभर!" आपा आतून ओरडल्या, तेव्हा ते परत बसले. 'आपा, कुठे गेला होतात, कुठे सापडली, वर काय आहे?' असं जो तो विचारत होता आणि उपोल आपा चोलोकचा उगम सांगत होत्या, समोवारएवढा दगड हातांनी दाखवत होत्या. त्यांनी नापास केलेले तिघेही ऐकत होते. एकाने तर 'पुढच्या उन्हाळ्यात मलाही न्या' म्हटलं. "काय हरवलंय तुझं?" शेजाऱ्याने विचारलं. "शोधू काहीतरी," तो म्हणाला.

लोक पांगल्यावर मायलेक उरले. मेदेर कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांकडे बघत होता. तीन खोकी त्याने बिश्केकहून आणली होती, घर भरायला.

"ही राहू द्या इथेच," तो म्हणाला. "अक्रोड ठेवायला होतील." मग थोड्या वेळाने, "आपा, गोठ्यापुढे वाळू टाकून जातो. तेवढं तरी करू द्या."

"टाक," आपा म्हणाल्या.

त्याने वाळू टाकली. हात धुऊन आत आला, बसला. रस्ता बंद व्हायच्या आत खिंड ओलांडायची होती आणि त्याला उठवत नव्हतं. उपोल आपांनी समोवारची तोटी उघडली आणि त्याच्यापुढे वाटी ठेवली, अगदी काठोकाठ भरलेली.